ग्लायकेटेड हिमोग्लोबिन म्हणजे नेमकं काय? आईचा रिपोर्ट आणि घरचं मशीन जुळत नाही

महालकर
मंडळी, जरा समजावून सांगा. आईला (वय ६१) बरीच वर्षं डायबेटिस आहे. घरी ग्लुकोमीटर आहे, सकाळी मीच तपासतो. गेला महिनाभर उपाशीपोटी १५० ते १६५ येते आहे आणि जेवणानंतर दोन तासांनी २२० च्या वर. औषध वाढणार असं धरूनच चाललो होतो. परवा लॅबचा रिपोर्ट आला तर एचबीए१सी फक्त ६.३! डॉक्टर बाहेरगावी आहेत. दवाखान्यात फोन केला तर उत्तर मिळालं, "कंट्रोल छान आहे, तेच चालू ठेवा."

माझे प्रश्न दोन. एक म्हणजे आईच्या फाइलीत कुठे 'ग्लायकेटेड', कुठे 'ग्लायकोसिलेटेड' तर कुठे नुसतं 'ग्लायको हिमोग्लोबिन' लिहिलंय. ही एकच टेस्ट आहे का? दुसरा, टेस्ट शुगरची असताना मध्ये हिमोग्लोबिन कुठून आलं? आणि ६.३ टक्के म्हणजे कशाचे टक्के? 'तीन महिन्यांची शुगर' एवढंच सगळे सांगतात, पुढचं कोणी सांगत नाही.

सिव्हिल_लाइन्स
तीन महिन्यांची सरासरी शुगर. बस. घरच्या मशीनवर जीव टाकू नका, लॅबचं खरं धरा.

तर्रीवाला
भाऊ, स्ट्रिपांची डबी उघडी तर नाही राहून गेली? आपल्या इथल्या उन्हात नि दमटीत स्ट्रिप लवकर खराब होते. तारीखही बघून घ्या.

निवृत्त_बायोकेम
सिव्हिल_लाइन्स, 'बस' म्हणून थांबू नका हो. महालकरांचा प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. मी आयुष्यभर हाच विषय शिकवला, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

रक्तातलं ग्लुकोज लाल पेशीच्या आत सहज शिरतं, तिथे त्याला इन्सुलिन लागत नाही. आत हिमोग्लोबिन खच्चून भरलेलं असतं. त्याच्या एका रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीच्या अगदी पहिल्या जागेवर व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल असतं आणि त्याचं टोक मोकळं असतं. ग्लुकोज तिथे जाऊन चिकटतं. सुरुवातीला ते नुसतं लटकलेलं असतं, शुगर उतरली की सुटूनही जातं. या अवस्थेला शिफ बेस म्हणतात. त्यातल्या काही रेणूंत मग अणूंची आतल्या आत फेरमांडणी होते. तिचं नाव अमाडोरी. ती झाली की बंध पक्का. आता ती लाल पेशी जगेल तोवर ते ग्लुकोज त्या हिमोग्लोबिनवर बसून राहतं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून 'तीन महिने'.

या सगळ्यात एन्झाइम कुठेच नाही. साखर जितकी जास्त आणि सहवास जितका लांब, तितकी जास्त चिकटणार. अशा आपोआप चिकटण्याला ग्लायकेशन म्हणतात. ग्लायकोसिलेशनमध्ये पेशी स्वतः एन्झाइम वापरून, ठरलेल्या प्रथिनावर ठरलेल्या जागी ठरलेली साखर जोडते. तुमचा रक्तगट ए की बी हे ठरवणारी साखर अशी एन्झाइमनेच जोडलेली असते. त्यामुळे रिपोर्टवर 'ग्लायकेटेड' हेच बरोबर. 'ग्लायकोसिलेटेड' जुन्या सवयीने चालत आलं आहे. टेस्ट मात्र तीच, म्हणजे एचबीए१सी. फाइलीतल्या तिन्ही नावांनी घाबरायचं कारण नाही.

आता टक्के. शंभर हिमोग्लोबिन रेणू घेतले तर त्यातल्या साधारण सहांच्या बीटा टोकावर साखर बसलेली आहे, हे तुमच्या आईच्या ६.३ चं सांगणं. हे टक्के हिमोग्लोबिनचे आहेत, रक्तातल्या साखरेचे नाहीत. एवढं नीट लक्षात ठेवा, कारण तुमच्या दुसऱ्या कोड्याचं उत्तर माझ्या मते इथेच कुठेतरी आहे.

पाटोडीरस्सा
मॅडम, किती सोपं करून सांगितलं! कॉलेजात असं कोणी सांगितलं असतं तर मी बायोलॉजी सोडलीच नसती.

आमच्या गल्लीतले एक काका 'माझं एवन आलं' म्हणून सगळ्यांना पेढे देत होते. पेढे! डायबेटिसच्या रिपोर्टचे!! या नावातला 'ए१सी' कुठून आला?

निवृत्त_बायोकेम
@पाटोडीरस्सा, काकांना एक पेढा माझ्याकडून कमी द्या.

मोठ्या माणसातलं नेहमीचं हिमोग्लोबिन म्हणजे 'ए'. रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी बहुतेक तेच असतं. कॉलममधून (प्रथिनांचे भाग वेगळे करणाऱ्या नळीतून) रक्त सोडलं की या 'ए' च्या मुख्य ढिगाआधी काही छोटे भाग सुटून बाहेर पडतात. बाहेर पडण्याच्या क्रमाने त्यांना ए१ए, ए१बी, ए१सी अशी नावं मिळाली. १९५८ मध्ये हायस्मन आणि मायरिंग यांनी ते वेगळे काढले तेव्हा त्यांचा डायबेटिसशी संबंध आहे हे माहीतच नव्हतं. पुढे तेहरानमध्ये सॅम्युएल राहबार लोकांच्या रक्तात वेगळ्या जातीचं हिमोग्लोबिन सापडतं का हे तपासत होते. तेव्हा डायबेटिसच्या रुग्णांमध्ये त्यांना एक निराळा पट्टा दिसला. ते १९६८ साल. म्हणजे ही टेस्ट विकृत हिमोग्लोबिन शोधता शोधता हाती लागली. मला ही गोष्ट फार आवडते, दर वर्षी वर्गात सांगायचे.

रोडगे_वांग्याची_भाजी
साखर प्रथिनाला आपोआप चिकटते, म्हणजे मायार रिअ‍ॅक्शनच ना मॅडम? मी फूड टेक्नॉलॉजीवाला आहे, आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्याची तांबूस साल आणि तो वास त्याच्यातूनच येतो. म्हणजे आपल्या रक्तात हेच चालू असतं, फक्त ३७ डिग्रीवर नि सावकाश?

निवृत्त_बायोकेम
अगदी बरोबर. मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या रिअ‍ॅक्शनची पहिली पायरी तीच. शरीरात ती पुढच्या टप्प्यांपर्यंतही जाते, पण हळूहळू आणि जास्त दिवस टिकणाऱ्या प्रथिनांत. डोळ्याचं भिंग, रक्तवाहिन्यांची भिंत. डायबेटिसमध्ये डोळे आणि किडनी का सांभाळायच्या, त्याचं एक कारण हेही.

त्रैराशिक
मी डॉक्टर नाही, आकडेमोड करणारा आहे. एचबीए१सी वरून सरासरी शुगर काढायचं एक सूत्र आहे: २८.७ ने गुणा, ४६.७ वजा करा. आईचे ६.३ टाकले तर १३४ येतात. म्हणजे दिवसरात्रीची, जेवणाआधीची-नंतरची सगळी मिळून सरासरी १३४.

आता सांगा, जिची रोजची सगळ्यात खालची शुगरच १५० आहे तिची सरासरी १३४ कशी येईल? वर्गातला सगळ्यात बुटका मुलगा पाच फुटांचा असेल तर वर्गाची सरासरी साडेचार फूट निघू शकत नाही. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असूच शकत नाहीत. मशीन तरी चुकतंय, नाहीतर रिपोर्ट तरी वेगळंच काही सांगतोय.

सिव्हिल_लाइन्स
महालकरांनी 'गेला महिनाभर' लिहिलंय. त्याआधीचे दोन महिने शुगर चांगली असेल तर?

त्रैराशिक
मुद्दा रास्त आहे. पण तीन महिन्यांचं वजन सारखं नसतं. शेवटच्या महिन्याचाच वाटा साधारण निम्मा असतो. त्यामुळे महिनाभर इतकी वर राहिली असेल तर आकड्यात ती दिसायला हवी होती.

मानेवाडा_चौक
सध्या मृग बहाराची संत्री चालू आहेत, म्हणून विचारतो. तपासायच्या आधी आई संत्रं सोलते का? हसू नका. फळ सोलून हात न धुता बोट टोचलं तर बोटावरचा रस स्ट्रिपमध्ये जातो आणि रीडिंग भलतंच वर येतं. नुसतं स्पिरिट फिरवून जमत नाही, साबण-पाण्याने धुवा, पुसून कोरडे करा. आमच्या बाबांची शुगर एकदा अशीच ३०० च्या वर आली होती, सगळं घर उठून बसलं. हात धुऊन पुन्हा घेतली तर १४० च्या आसपास.

तर्रीवाला
नागपुरात राहून संत्र्यावर संशय! बाप्पा!

महालकर
सगळ्यांचे आभार, विशेषतः निवृत्त_बायोकेम ताईंचे. आज पहिल्यांदा समजलं की टक्के कशाचे.

आई पहाटे उठून अंघोळ-पूजा करून येते, तोवर काही खात-सोलत नाही. स्ट्रिपा नव्या आहेत. शेजाऱ्यांच्या मशीनवरही तेच येतं. आणि एक सांगायचं राहिलं, एचबीए१सी ज्या सकाळी दिलं त्याच वेळी लॅबने उपाशीपोटी शुगरही काढली होती, ती १५८ आहे. म्हणजे मशीन बरोबर आहे.

कारल्याचा_रस
इतका विचार काहून करता? सकाळी कारलं-जांभूळ बी घ्या. माझ्या मेव्हण्याचं ९ वरून ६ वर आलं, पंधरा दिवसांत.

जांभळी_ट्यूब
धंतोलीत लॅब टेक्निशियन आहे. रोज सकाळपासून जांभळ्या झाकणाच्या ट्यूबाच हाताळतो, म्हणून हे नाव.

आधी @कारल्याचा_रस. पंधरा दिवसांत ९ चे ६ होऊ शकत नाहीत. आज साखर पूर्ण आटोक्यात आली तरी आधीच साखर बसलेल्या पेशी रक्तात फिरतच राहतात, त्या मरून नव्या येईपर्यंत आकडा हळूहळूच उतरतो. इतक्या लवकर उतरला असेल तर मेव्हण्यांचं सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करून घ्या. रक्त गेलं असेल, पेशी लवकर मरत असतील, तरी आकडा असाच पडतो. मनापासून सांगतो आहे, खुशीत राहू नका.

आता @महालकर. चार गोष्टी सांगा:
रिपोर्टवर पद्धत काय लिहिली आहे, एचपीएलसी की दुसरी? सोबत ग्राफ आहे का? आईचं हिमोग्लोबिन किती? आणि गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त गेलं, चढवलं किंवा लोहाचं इंजेक्शन झालं का?

ग्राफ नसेल तर लॅबकडून मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त पहिलं पान पाठवतात आणि खरी माहिती दुसऱ्या पानावर राहून जाते. एचपीएलसी मशीन हिमोग्लोबिनचे भाग वेगळे करून प्रत्येकाचा उंचवटा काढतं. आम्ही त्याला पीक म्हणतो. आधी ए१ए, ए१बी, मग एफ, मग एलए१सी (मॅडमनी सांगितलेला तो सैल लटकलेला भाग), मग ए१सी, आणि पुढे ए चा उंच डोंगर. त्या डोंगराच्या उजवीकडे आणखी एखादा डोंगर असेल तर मला लगेच कळवा.

कारल्याचा_रस
सीबीसीचं सांगतो मेव्हण्याला. कारलं मात्र सोडणार नाही.

जांभळी_ट्यूब
कारलं खा ना भाऊ, भाजी चांगलीच असते. गोळी सोडू नका म्हणजे झालं.

गोंडवाना_एक्स्प्रेस
जांभळी_ट्यूब कशाकडे बोट दाखवताहेत ते ओळखलं. सिकल सेल, म्हणजे हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार.

मी चंद्रपूरचा, आता हिंगणा रोडला राहतो. माझ्या मोठ्या बहिणीला सिकल सेलचा आजार आहे, एसएस. मागे कुठल्याशा पॅकेजमध्ये तिचं एचबीए१सी काढलं आणि 'अतिउत्तम' असा शेरा मारून दिला. नंतर मेडिकलच्या ओपीडीत एका तरुण डॉक्टरीण बाईंनी तो कागद पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्या रक्तात 'ए' हिमोग्लोबिनच नाही, तर ए१सी कुठून येणार?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या शेऱ्याला काही अर्थच नव्हता.

सिव्हिल_लाइन्स
पण सिकल सेल तर आदिवासी भागातला आजार ना? नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या ६१ वर्षांच्या बाईंना तो असता तर लहानपणीच कळलं असतं.

गोंडवाना_एक्स्प्रेस
असं नाही हो. हा समज आमच्याकडे फार नुकसान करतो. विदर्भात किती तरी समाजांत हा जनुक आहे आणि शहराच्या कुठल्याही वस्तीत तो असू शकतो. आणि आजार वेगळा, वाहक वेगळा. आई-वडील दोघांकडून 'एस' आला तर एसएस, म्हणजे आजार. एकाकडून 'एस' आणि दुसऱ्याकडून 'ए' आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. तपासलं नाही तर ऐंशीव्या वर्षापर्यंतही पत्ता लागत नाही.

निवृत्त_बायोकेम
गोंडवाना_एक्स्प्रेस यांनी नेमकं मांडलं. थोडी भर घालते, कारण नागपूरच्या माणसाला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

दक्षिणेत निलगिरीच्या आदिवासींमध्ये १९५२ मध्ये सिकल सेल सापडला आणि १९५८ मध्ये शुक्ल व सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकल सेल वाहकांवर 'लॅन्सेट' मध्ये लिहिलं. म्हणजे आपल्या भागासाठी ही नवी बातमी नाही. केंद्राने सिकल सेल निर्मूलनाचं मिशन २०२३ मध्ये सुरू केलं, त्यात २०४७ चं उद्दिष्ट ठेवलं आहे.

रसायन इतकंच आहे: बीटा साखळीच्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्ल असायला हवं, तिथे व्हॅलिन येऊन बसतं. पहिल्या जागेचं व्हॅलिन आहे तसंच राहतं आणि तिथे साखरही चिकटते. पण मग तयार होतं ते एस१सी. ते ए१सीच्या रकान्यात बसत नाही, ग्राफवर दुसरीकडे उमटतं. वाहकाच्या रक्तात 'ए' निम्म्याहून जास्त असतं, त्यामुळे ए१सी मोजता येतं. एसएस असलेल्या माणसात मोजायला 'ए' च नसतं. शिवाय त्यांच्या लाल पेशी १२० दिवस जगतच नाहीत, लवकर फुटतात. गोंडवाना, तुमच्या बहिणीला त्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं ते शंभर टक्के खरं.

ओपीडी_सोमवार
फिजिशियन आहे. नाव देत नाही, रुग्ण वाचतात.

चर्चा चांगली चालली आहे, पण एका बाबतीत घाई होऊ नये. वाहक असण्याने एचबीए१सी किती खाली येतो? अमेरिकेतल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो फरक सुमारे ०.३ टक्का होता. तेवढा जोडला तर ६.३ चे ६.६ होतील. @त्रैराशिक, सूत्रात घालून बघा.

त्रैराशिक
१४३ च्या आसपास. उपाशीपोटीच्या १५८ पेक्षा अजूनही खालीच.

ओपीडी_सोमवार
म्हणजे नुसत्या वाहकपणाने हे कोडं सुटत नाही. विदर्भात दिसला कमी ए१सी की म्हटलं सिकल सेल, असं होऊ नये. आणखी कारणं असतात. रक्तस्राव, गर्भारपण, किडनीचा आजार, मोठा झालेला प्लीहा, जी६पीडी या लाल पेशीतल्या एन्झाइमची कमतरता. आणि उलट्या बाजूनेही सांगतो. लोहाच्या कमतरतेने पंडुरोग असेल तर हाच आकडा खोटा वर जातो. आपल्याकडे बायकांमध्ये तो किती आहे हे ओपीडीत रोज दिसतं. अशा बाईला नुसत्या ६.६ वर 'डायबेटिस' चा शिक्का मारण्याआधी मी उपाशीपोटीची शुगर आणि हिमोग्लोबिन पाहतोच.

जांभळी_ट्यूब
सर, तुमच्याशी सहमत, पण एक सांगू? ०.३ हा सरासरी फरक आहे. मशीन जुनं असेल, त्या पद्धतीला 'एस' चा अडथळा होत असेल, तर फरक दोन्ही बाजूंना कितीही जाऊ शकतो. म्हणूनच ग्राफ मागितला.

ओपीडी_सोमवार
मान्य. पद्धत कळल्याशिवाय मीही बोलणार नाही.

लीड्सकर_मामी
विषय थोडा वेगळा. माझी तपासणी इथे इंग्लंडात होते. रिपोर्टवर ५३ लिहून आलं आणि ते नागपूरला भावाला पाठवलं तर त्याने रात्री फोन करून रडारड केली, '५३ टक्के?' म्हणून. इथे एकक मिलिमोल प्रति मोल असतं. ५३ म्हणजे तिथले ७, आणि ४८ म्हणजे ६.५. परदेशात कोणी असेल तर सांगून ठेवा.

पाटोडीरस्सा
मामी, ५३ टक्के म्हटलं की आमच्याकडे आधी बारावीचा निकाल आठवतो.

महालकर
लॅबमध्ये जाऊन पूर्ण रिपोर्ट घेऊन आलो. जांभळी_ट्यूब, दंडवत तुम्हाला. पद्धत एचपीएलसी. दुसऱ्या पानावर ग्राफ आहे आणि 'ए' च्या उंच डोंगराच्या उजवीकडे खरंच आणखी एक डोंगर आहे. खालच्या तक्त्यात त्यापुढे 'एस-विंडो' आणि ३१ टक्के लिहिलंय. एका कोपऱ्यात बारीक अक्षरात इंग्रजीत सूचना आहे की हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार असण्याची शक्यता, खात्री करून घ्यावी. हे पान आम्हाला आलंच नव्हतं.

हिमोग्लोबिन १०.४. आणि जानेवारीत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या होत्या. नंतर लोहाची इंजेक्शनंही झाली.

आईला 'एस' बद्दल सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या धाकट्या भावाला लहानपणी सारखे हातपाय दुखायचे, कावीळ व्हायची. दहाव्या वर्षी गेला. तेव्हा कोणी काही सांगितलं नाही." एवढं बोलून स्वयंपाकघरात गेली. या मामाबद्दल मी आजवर दोन वाक्यांपलीकडे काही ऐकलं नव्हतं.

गोंडवाना_एक्स्प्रेस
दादा, वाचून वाईट वाटलं. आमच्याही घरात अशी एक काकू होती. आईला सांगा की त्या काळी नाव माहीत नव्हतं, कोणाची चूक नव्हती.

ओपीडी_सोमवार
आता चित्र जुळलं. ऑपरेशनमध्ये आईचं स्वतःचं रक्त गेलं, म्हणजे साखर बसलेल्या जुन्या पेशी गेल्या. त्या जागी रक्तदात्याच्या पेशी आल्या. त्यानंतर लोह मिळालं आणि हाडातल्या मज्जेने भराभर नव्या पेशी बनवल्या. कोऱ्या पेशींवर साखर बसायला वेळच मिळालेला नाही. या तिन्हींसोबत वाहकपणाचा थोडा हातभार. या ६.३ ला सध्या उपचारासाठी काही किंमत नाही. असिस्टंटने 'तेच चालू ठेवा' म्हटलं असेल, पण डॉक्टर आल्यावर हा पूर्ण इतिहास आणि घरच्या रीडिंगची वही त्यांच्यासमोर ठेवा. औषध स्वतःहून वाढवू नका.

जांभळी_ट्यूब
वाहकात 'एस' साधारण ३५ ते ४० टक्के दिसतो. ३१ म्हणजे बाहेरच्या रक्ताने थोडा पातळ झालेला असणार. त्यामुळे खात्रीची हिमोग्लोबिन तपासणी आत्ता केली तरी 'नुकतंच रक्त चढवलं आहे' हे फॉर्मवर लिहाच. चढवलेल्या पेशी निघून गेल्या की पुन्हा करा, तेव्हाचा आकडा आईचा स्वतःचा असेल.

निवृत्त_बायोकेम
महालकर, डॉक्टरांना फ्रुक्टोसामिन टेस्टबद्दल विचारा. नावामुळे फळांची साखर वाटेल, पण तसं नाही. अमाडोरीनंतरचा तोच पक्का बंध (कीटोअमाइन), फक्त हिमोग्लोबिनऐवजी रक्तातल्या अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांवर झालेला. या प्रथिनांचा लाल पेशींशी काही संबंध नाही, त्यामुळे सिकल सेल असो, रक्त चढवलेलं असो, आकडा बिघडत नाही. मात्र तो गेल्या दोन-तीन आठवड्यांचंच सांगतो, आणि अल्ब्युमिन फार कमी असेल तर तोही फसवतो.

सिव्हिल_लाइन्स
मग 'तीन महिन्यांची शुगर' म्हणायचंच नाही का? डॉक्टरही तेच म्हणतात.

निवृत्त_बायोकेम
म्हणा ना, ज्याचं रक्त नेहमीसारखं आहे त्याला ते लागू पडतं. माझा आग्रह एवढाच की आपल्या विदर्भात ए१सीच्या शेजारी हिमोग्लोबिनचा आकडा आणि सिकलची तपासणी असल्याशिवाय तो वाचू नये. एकदा तपासलं की आयुष्यभर पुरतं, तेवढं फाइलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

महालकर
डॉक्टर आले, सगळं दाखवलं. त्यांनी फ्रुक्टोसामिन करायला लावलं. ३४२ आलं, लॅबची वरची मर्यादा २८५ आहे. म्हणजे घरचं मशीनच खरं होतं. एक गोळी वाढवली आहे आणि पुढचं ए१सी जून-जुलैआधी करू नका म्हणाले.

मी, बायको आणि बहीण तिघांनी सिकलची तपासणी केली. मी एएस. बायको एए. बहिणीचा रिपोर्ट यायचा आहे, तिचं लग्न यंदा ठरवतोय. तिचा एएस आला तर मुलाकडच्यांना कसं सांगायचं?

गोंडवाना_एक्स्प्रेस
सरळ सांगायचं आणि मुलाचीही तपासणी मागायची. मुलगा एए असेल तर त्यांच्या मुलांना आजार होण्याचा प्रश्नच नाही, फार तर वाहक होतील. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची असते. तेव्हा समुपदेशन घ्यायचं, गर्भजल तपासणीबद्दल आधीच विचारायचं. आम्ही भाचीच्या वेळी पत्रिकेसोबत रिपोर्टही मागितला होता. एक घर नाराज झालं. दुसऱ्या घराने दोनच दिवसांत पाठवला, तिथेच ठरलं.

महालकर
पत्रिकेसोबतच मागतो. बायकोचा एए आला म्हणून लेकाला आजार नसणार हे कळलं, पण त्याची तपासणी कधी करू? चार वर्षांचा आहे.

जांभळी_ट्यूब
आत्ताही होते. घेऊन या, पण उपाशी आणू नका, या टेस्टला उपाशीपोटाची गरज नाही. आणि येताना आईच्या रिपोर्टचं दुसरं पान आणा.